मधली वीस वर्षे : विनोदी चित्रपटांच्या उशिरा आलेल्या सिक्वेलचा आढावा

गाजलेल्या विनोदी चित्रपटाचा पुढचा भाग, ज्याला आता मराठीतही सर्रास सिक्वेल म्हटले जाते, तो मूळ चित्रपटानंतर दोन-तीन वर्षांत आला तर चित्रव्यवसायातील नेहमीचा व्यवहार म्हणून स्वीकारला जातो. परंतु तोच चौदा, वीस किंवा तेहतीस वर्षांनी आला की त्याच्याभोवती निराळ्याच अपेक्षा जमा होतात आणि तो मूळच्या तोडीचा आहे का, हा प्रश्न पहिल्या खेळाआधीच विचारला जाऊ लागतो. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (1993) या चित्रपटाचा दुसरा भाग 2013 मध्ये आला, ‘दे धक्का’चा (2008) 2022 मध्ये आणि सचिन पिळगांवकर यांच्या ‘नवरा माझा नवसाचा’चा (2004) 2024 मध्ये, अमेरिकेत ‘डंब अँड डंबर’ (1994), ‘कमिंग टू अमेरिका’ (1988) आणि ‘बीटलज्यूस’ (1988) यांचे पुढचे भाग अनुक्रमे 2014, 2021 आणि 2024 मध्ये पडद्यावर आले. अशा चित्रपटांबद्दल बहुतेक वेळा एकच निकाल ऐकू येतो, तो म्हणजे पहिल्याची सर दुसऱ्याला नाही. हा निकाल पुष्कळदा बरोबर असतो, मात्र त्यासाठी दिली जाणारी कारणे, म्हणजे नट थकले, कल्पना आटल्या, निर्मात्याला फक्त जुन्या नावावर पैसा कमवायचा होता, ही अपुरी पडतात, कारण जे थोडे सिक्वेल चांगले उतरले त्यांचेही नट वयस्कर झालेले होते आणि त्यांच्या निर्मात्यांनाही पैसा हवाच होता. या सर्व उदाहरणांकडे एकत्र पाहिले असता असे दिसते की मध्ये गेलेली वर्षे लपवायची की त्यांनाच कथेची अडचण बनवायचे, या एका निर्णयावर अशा चित्रपटाचे बरेचसे भवितव्य ठरते.

मुळात ही तुलना सारख्या पातळीवर होत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. मूळ चित्रपट प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा तो इतर चार चित्रपटांसारखाच एक होता; प्रेक्षक त्याच्याकडून काही विशेष घेऊन जाण्याच्या तयारीने आलेला नव्हता आणि समीक्षकांनीही अनेकदा त्याला फारसे मोजले नव्हते. 2001 च्या सप्टेंबरच्या अखेरीस, न्यूयॉर्कवरील हल्ल्याला तीन आठवडेही झालेले नसताना प्रदर्शित झालेला बेन स्टिलरचा ‘झूलँडर’ चित्रपटगृहांत बेताचाच चालला आणि लोकांचा लाडका झाला तो पुढे घरोघरी डीव्हीडीवर पाहिला गेल्यामुळे. मराठीत हेच काम दूरचित्रवाणीने केले. 2007 मध्ये ‘झी टॉकीज’सारखी केवळ चित्रपटांना वाहिलेली वाहिनी सुरू झाली आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांतील विनोदी चित्रपट सुट्टीच्या दुपारी इतक्या वेळा दाखवले गेले की जे त्या चित्रपटांच्या प्रदर्शनानंतर जन्मले त्यांनाही त्यांतले संवाद तोंडपाठ झाले. म्हणून वीस वर्षांनी येणाऱ्या सिक्वेलची गाठ नुसत्या एका चित्रपटाशी पडत नाही; त्या चित्रपटाबरोबर घालवलेल्या दुपारी, त्यावेळी शेजारी बसलेली माणसे आणि रोजच्या बोलण्यात रुळलेले त्याचे संवाद या साऱ्यांशी त्याला सामना द्यावा लागतो. पहिल्यांदा पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटाची तुलना विसाव्यांदा पाहिलेल्या चित्रपटाशी होत असेल तर नवा हरणार, हे उघड आहे. तरीही काही चित्रपट हरलेले नाहीत, आणि अभ्यासाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहेत.

विनोदाच्या बाबतीत हा प्रश्न अन्य प्रकारच्या चित्रपटांपेक्षा अवघड का होतो, हे समजण्यासाठी हशा आणि ओळखीचा आनंद यांतील फरक पाहावा लागतो. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाची उत्पत्ती विकृत वेष, विकृत आकार आणि विकृत बोलणे यांतून सांगितली आहे, म्हणजे नेहमीच्या अपेक्षेला कोठेतरी तडा जावा लागतो. मराठी विनोदमीमांसेने, न. चिं. केळकरांपासून पुढे, यासाठी विसंगती हा शब्द रूढ केला. विसंगती जाणवण्यासाठी आधी काहीतरी संगत अपेक्षित असावे लागते आणि ती अपेक्षा मोडण्याचा क्षण प्रेक्षकाला आधी ठाऊक नसावा लागतो. याउलट ओळखीचा आनंद आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा भेटण्यात असतो: जुना संवाद उच्चारला जातो, जुने पात्र दारातून आत येते, आणि चित्रपटगृहात शिट्ट्या व टाळ्या पडतात. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ याने 1900 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हास्यावरील आपल्या ग्रंथात पुनरावृत्ती हे विनोदाचे एक प्रमुख साधन मानले आहे खरे, परंतु तेथे अभिप्रेत असलेली पुनरावृत्ती एकाच कलाकृतीच्या आतली आहे, जिथे तेच वाक्य प्रत्येक वेळी नव्या परिस्थितीत येऊन आदळते. वीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटातील वाक्य नव्या चित्रपटात परत आणले की त्याला टाळी मिळते, हशा क्वचितच मिळतो. आणि पहिल्या वीस मिनिटांतील टाळ्यांवरून चित्रपट जमला असे दिग्दर्शकाला वाटू लागले की उरलेल्या दीड तासात तो प्रेक्षकाला हसवण्याचे मूळ काम विसरतो.

‘डंब अँड डंबर’चे उदाहरण यासाठी बारकाईने पाहण्याजोगे आहे. फॅरेली बंधूंच्या 1994 च्या या चित्रपटात लॉइड (जिम कॅरी) आणि हॅरी (जेफ डॅनियल्स) हे दोन निव्वळ मठ्ठ मित्र एका अनोळखी तरुणीची विमानतळावर राहिलेली बॅग परत करण्यासाठी ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्सहून कोलोरॅडोतील ॲस्पेनपर्यंत प्रवास करतात. बॅगेत खंडणीची रक्कम आहे याचा त्यांना पत्ता नसतो. सुमारे 1 कोटी 70 लाख डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने जगभरात 24 कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. त्यातील मेलेल्या पोपटाचा प्रसंग विनोदाची बांधणी कशी असते याचा नमुना आहे. गुंड घरात शिरून हॅरीच्या पाळीव पक्ष्याचे मुंडके उडवून जातात, आणि हॅरीची समजूत अशी होते की पक्षी म्हातारा असल्याने त्याचे डोके आपोआप गळून पडले. इथे एक हशा होतो. बऱ्याच वेळाने, प्रवासात, लॉइड सांगतो की निघण्यापूर्वी काही वस्तू शेजारच्या अंध मुलाला विकून थोडे पैसे उभे केले आणि त्यांत तो पक्षीही होता. हॅरी हादरून विचारतो की त्याला तर डोकेच नव्हते, त्यावर लॉइड आपण त्याची व्यवस्था केल्याचे शांतपणे सांगतो. त्यानंतरच कॅमेरा त्या मुलाकडे जातो, जो चिकटपट्टीने डोके बसवलेल्या निर्जीव पक्ष्याला मायेने कुरवाळत असतो. विक्रीचा प्रसंग दाखवलेलाच नाही. तो प्रेक्षकाने मनात जुळवायचा आहे, आणि नेमके जुळवून होत असताना पडद्यावर त्याच्या कल्पनेपेक्षा एक पायरी पुढचे दृश्य येते. क्रौर्य आहे, पण लॉइडला ते कळत नाही, म्हणून प्रेक्षक त्याला क्षमा करतो.

2014 च्या ‘डंब अँड डंबर टू’मध्ये तोच मुलगा मोठा होऊन पुन्हा पक्ष्यांसह दिसतो आणि त्या पक्ष्यांचे काय होणार हे प्रेक्षकाला तो दिसताक्षणीच समजते. मूळ प्रसंगातील तिन्ही पायऱ्या एका पायरीत गोळा झाल्या आहेत. उरली आहे ती फक्त आठवण. दिग्दर्शक तेच, नट तेच, मूळ चित्रपटाचे तिन्ही लेखकही या वेळी पटकथेवर होते आणि त्यांच्या जोडीला आणखी तीन नावे आली होती, तेव्हा मूळ मंडळी परत आणली की मूळचा दर्जा परत येतो, ही समजूत इथे टिकत नाही. याहून खोल अडचण वयाची आहे. मूळ चित्रपटाच्या वेळी कॅरी 32 वर्षांचा आणि डॅनियल्स 39 वर्षांचा होता; सिक्वेलच्या वेळी त्यांची वये 52 आणि 59 होती. तिशीतला मठ्ठपणा पाहताना, हे कधीतरी शहाणे होतील किंवा निदान यांचे काही बिघडणार नाही, असा दिलासा प्रेक्षकाच्या मनात असतो, आणि मूळ चित्रपटात लॉइड एका हळव्या क्षणी आपल्या एकटेपणाविषयी बोलतो तेव्हा त्या दिलाशाला आधारही मिळतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांनी त्याच खोड्या त्याच निर्विकारपणे केल्या की त्यांतला निरागसपणा गळून पडतो आणि दुष्टपणा उघडा पडतो.

दुःखाची बाब अशी की या सिक्वेलला योग्य वाट सापडलेली होती. चित्रपटाच्या प्रारंभी लॉइड वीस वर्षे मनोरुग्णालयात निश्चल बसून आहे, हॅरी इमानाने त्याला भेटत राहिला आहे, आणि मग उलगडते की लॉइडने हे सारे केवळ मित्राची फजिती करण्यासाठी केलेले सोंग होते. दोन चित्रपटांमधल्या वीस वर्षांचे संपूर्ण ओझे या एका विनोदाने उचलले आहे: आयुष्याची उमेदीची वर्षे एका थट्टेपायी घालवल्याचे लॉइडला काहीच वाटत नाही आणि हॅरीला त्या थट्टेचे कौतुकच वाटते. संपूर्ण चित्रपटात याच्या तोडीचा दुसरा विनोद नाही. परंतु लेखकांनी तो दहा मिनिटांत वापरून टाकला आणि पुढे पुन्हा एक प्रवास, पुन्हा एक मौल्यवान वस्तू, पुन्हा एक कपटी जोडपे असा जुना आराखडा हाती घेतला. त्या वीस वर्षांचे काय झाले, एकाचे सोंग आणि दुसऱ्याची सेवा यांतून त्या मैत्रीचे काय उरले, हा विषय तसाच राहिला.

‘कमिंग टू अमेरिका’च्या सिक्वेलमध्ये हीच चूक वेगळ्या तऱ्हेने झाली. जॉन लँडिस दिग्दर्शित मूळ चित्रपटातील विनोदाचा झरा असा होता की झामुंडा या काल्पनिक आफ्रिकी राज्याचा युवराज अकीम (एडी मर्फी) आपली ओळख दडवून न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका खानावळीत फरशी पुसतो, कारण त्याला आज्ञा पाळणारी नव्हे, तर स्वतःचे मत असणारी पत्नी हवी असते. क्रेग ब्रूअर दिग्दर्शित दुसरा भाग, जो करोनाच्या साथीमुळे चित्रपटगृहांऐवजी ॲमेझॉनच्या मंचावर प्रदर्शित झाला, बहुतांश झामुंडातच घडतो. तेथे अकीमला सगळे ओळखतात, त्यामुळे तो झराच बंद होतो. तरी या कथेत एक फार मोलाची गोष्ट हाताशी होती. पित्याच्या रूढींविरुद्ध बंड केलेला तोच अकीम आता तीन कर्तबगार मुलींचा बाप आहे आणि गादी मुलालाच मिळते या कायद्यापुढे मान तुकवून अमेरिकेतील अनोळखी मुलाला शोधायला निघतो. तरुणपणी सुधारक असलेला माणूस सत्तेवर बसल्यावर आपल्या बापासारखाच कसा होतो, यावर एक धारदार विनोदी चित्रपट उभा राहू शकला असता. प्रत्यक्षात हा धागा मधूनमधून दिसतो आणि न्हाव्याच्या दुकानातील जुनी मंडळी, जुनी गाणी, जुने पाहुणे यांच्या गर्दीत हरवतो. पाहुण्या कलाकाराच्या अल्प दर्शनाला कॅमिओ म्हणतात, आणि अशा चित्रपटांत कॅमिओंची संख्या वाढत जाणे हे बहुधा लेखनाच्या अशक्तपणाचे लक्षण असते. ‘झूलँडर’चा 2016 चा दुसरा भाग या रोगाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. ‘ब्लूज ब्रदर्स 2000’विषयी (1998) तर फार लिहिण्याची गरज नाही: 1980 च्या मूळ चित्रपटाचा प्राण असलेला जॉन बेलुशी 1982 मध्येच वारला होता आणि दोन भावांच्या गोष्टीतला एक भाऊ नाहीसा झाल्यावर उरलेल्या गाण्यांनी ती जागा भरून निघाली नाही.

याच्या उलट बाजूला दोन चित्रपट ठामपणे उभे आहेत. साशा बॅरन कोहेनच्या ‘बोरात’चा (2006) दुसरा भाग 2020 मध्ये आला. मूळ चित्रपटाची पद्धत अशी होती की कझाकस्तानचा पत्रकार असल्याचे भासवून कोहेन खऱ्याखुऱ्या अमेरिकी नागरिकांना भेटत असे आणि ते बेसावधपणे आपले पूर्वग्रह उघड करत. हे दुसऱ्यांदा करणे अशक्य होते, कारण त्या मधल्या चौदा वर्षांत बोरातचा चेहरा रस्त्यावरच्या माणसालाही ठाऊक झाला होता. सिक्वेलने ही अडचण झाकली नाही. लोक रस्त्यात ओळखून मागे लागतात म्हणून बोरातला वेषांतर करावे लागते आणि अनोळखी राहण्याचे काम त्याच्या मुलीकडे जाते. मारिया बाकालोव्हाने ही मुलगी इतकी निर्भयपणे साकारली की तिला सहायक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकन मिळाले, जे अशा प्रकारच्या विनोदी भूमिकेच्या वाट्याला क्वचितच येते. मूळ चित्रपटाची कीर्ती ही सिक्वेलची अडचण होती, आणि तीच त्याच्या कथानकाची पहिली घटना झाली.

‘बिल अँड टेड फेस द म्युझिक’ (2020) हा तिसरा भाग दुसऱ्यानंतर 29 वर्षांनी आला, आणि त्याचे लेखक ख्रिस मॅथिसन व एड सॉलोमन हे आधीच्या भागांचेच लेखक होते. आधीच्या चित्रपटांत दोन उनाड पोरांना भविष्यातून निरोप मिळालेला असतो की त्यांच्या संगीताने एके दिवशी साऱ्या जगात सलोखा होईल. तिसऱ्या भागात ते पन्नाशीला टेकलेले आहेत, ते गाणे अजून रचलेले नाही आणि लग्नसमारंभात वाजवण्यापर्यंत त्यांची मजल घसरली आहे. मग ते असा उपाय काढतात की कालयंत्राने भविष्यात जाऊन, ज्या वयात ते गाणे आपण रचलेले असेल त्या वयातल्या आपल्यालाच भेटून ते चोरून आणायचे. आणि प्रत्येक खेपेला भेटणारे त्यांचेच पुढचे अवतार अधिकाधिक कडवट, अधिकाधिक पराभूत निघतात. सिक्वेल लांबला याची जी खंत प्रेक्षकांना होती तीच पडद्यावरच्या पात्रांची खंत झाली, आणि उशीर हा शब्दशः चित्रपटाचा विषय ठरला. हा चित्रपट आधीच्यांइतका खळाळता नाही, हे मान्य करूनही, उशिरा आलेल्या विनोदी सिक्वेलनी ज्या वाटेने जायला हवे ती याइतकी स्पष्टपणे कोणी दाखवलेली नाही, असे म्हणावे लागते.

टिम बर्टनच्या ‘बीटलज्यूस बीटलज्यूस’मधून आणखी एक मुद्दा पुढे येतो. जगभरात सुमारे 45 कोटी डॉलर मिळवणाऱ्या या चित्रपटात मायकल कीटनने रंगवलेला बीटलज्यूस हा मेलेला, बुरशी चढलेला आणि जाड रंगभूषेखाली दडलेला असल्यामुळे 36 वर्षांत त्याच्यात फरक पडलेला जाणवत नाही. मुखवट्याच्या पात्राला वय नसते. पण त्याच्यासमोरची लिडिया मात्र वाढली आहे: भुतांशी सहज बोलणारी ती मुलगी आता दूरचित्रवाणीवर भुतांचा कार्यक्रम करते आणि स्वतःच्या मुलीचा विश्वास गमावून बसली आहे. न बदलणारा मुखवटा आणि बदललेले माणूस समोरासमोर आले की जुन्या विनोदाला नवा अर्थ येतो, आणि कथानक नको इतके फाटे फुटून पसरलेले असतानाही चित्रपट तग धरतो तो यामुळेच.

‘झपाटलेला 2’चे बळ आणि त्याची उणीव दोन्ही याच कसोटीवर तपासता येतात. त्यातला बाहुला तात्या विंचू हा मराठी पडद्यावरचा सर्वांत यशस्वी मुखवटा आहे. ‘चाइल्ड्स प्ले’ (1988) या अमेरिकी भयपटावरून मूळ कल्पना घेतली असली तरी रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज यांनी त्याला पूर्णपणे इथला केला. त्यामागे अर्धवटरावापासून चालत आलेली बोलक्या बाहुल्यांची, म्हणजे शब्दभ्रमाची, मराठी परंपरा उभी होती. ओठ न हलवता आवाज काढून तो बाहुलीच्या तोंडून आल्याचा भास निर्माण करणे म्हणजे शब्दभ्रम. कथेतला लक्ष्या या कलेचा वेडा आहे, आणि चित्रपटातल्या विनोदाची सगळी गुरुकिल्ली त्या एका तपशिलात आहे: बाहुला खरोखर बोलतो आहे असे लक्ष्या जीव तोडून सांगतो, पण ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तो आवाज काढणारा तोच असतो. खरे सांगणाऱ्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, ही विनोदाची फार जुनी आणि फार विश्वासार्ह स्थिती आहे. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी ती भूमिका अशी केली की घाबरणे, विनवणे, चिडणे आणि शेवटी हताश होऊन एकटेच बडबडणे या पायऱ्या स्वतंत्र दिसतात, आणि लाकडी बाहुल्याकडे पाहतानाही त्यांची नजर जिवंत माणसाकडे पाहावी तशी असते. बाहुला भीतिदायक वाटला तो बेर्ड्यांच्या डोळ्यांमुळे.

बेर्डे 2004 च्या डिसेंबरमध्ये गेले. 2013 च्या सिक्वेलमध्ये तात्या विंचू तोच, प्रभावळकरांचा आवाज तोच, पहिल्या भागातला इन्स्पेक्टर महेश जाधव तोच, शिवाय चित्रपट त्रिमिती तंत्राने चित्रित केलेला होता आणि त्या काळातील मराठी चित्रपटासाठी ते मोठे धाडस होते. बाहुल्याच्या रोखावर आता लक्ष्याचा मुलगा आदित्य (आदिनाथ कोठारे) होता. मुखवटा परत आला, पण त्याच्यासमोरचे माणूस हरपलेले होते, आणि ज्याने त्याला घाबरून त्याला खरे केले त्याची जागा वारसाला देऊन भरत नाही. यात आदिनाथ कोठारे यांच्या अभिनयाला दोष देणे अन्यायाचे होईल. कथेनेच त्यांना वेगळी स्थिती दिली नाही. बापाला ज्या बाहुल्याने छळले त्याची गोष्ट ऐकत वाढलेला मुलगा, ज्याला ती गोष्ट खरी की बापाचे वेड हे ठरवता येत नाही, अशी मांडणी झाली असती तर बेर्ड्यांचा अभावच कथेच्या मध्यभागी आला असता. त्याऐवजी त्रिमितीतून प्रेक्षकाच्या अंगावर येणाऱ्या वस्तूंवर अधिक भिस्त ठेवली गेली. तरीही ज्या बालप्रेक्षकांनी पहिला भाग फक्त दूरचित्रवाणीच्या छोट्या पडद्यावर पाहिला होता त्यांना तात्या विंचू मोठ्या पडद्यावर भेटला, हे या चित्रपटाचे श्रेय नाकारता येणार नाही.

‘नवरा माझा नवसाचा’च्या बाबतीत जागेचा विचार महत्त्वाचा ठरतो. मूळ चित्रपट ‘बॉम्बे टू गोवा’च्या (1972) परंपरेतला, एका बसमध्ये घडणारा आहे: वडिलांनी बोललेला, नवऱ्याने विवस्त्र होऊन देवदर्शनाला जाण्याचा नवस फेडण्यासाठी एक जोडपे एसटीने गणपतीपुळ्याला निघते. एसटी ही विनोदी चित्रपटासाठी जवळजवळ आदर्श जागा आहे, कारण तिथे सगळे प्रवासी एकाच खोलीत असतात, कोणाचेही बोलणे खाजगी राहत नाही, आणि कंडक्टर हा एकच माणूस तिकिटाच्या निमित्ताने प्रत्येकाशी बोलत पुढून मागे फिरत असतो. अशोक सराफ यांनी त्या कंडक्टरच्या भूमिकेतून सगळा चित्रपट एका दोरीत ओवला. लाजिरवाणे गुपित आणि गुपित राहू न देणारी जागा, यांच्या ओढाताणीतून प्रसंग आपोआप जन्म घेतात. सिक्वेलने प्रवास कोकण रेल्वेवर नेला, नवसाचा भार मुलगी आणि जावई यांच्याकडे (हेमल इंगळे आणि स्वप्नील जोशी) दिला आणि सत्याहत्तर वर्षांच्या सराफांना टीसीचा कोट चढवला. सराफांचे संवादफेकीतील अचूक टायमिंग अजून शाबूत आहे आणि ते पडद्यावर असेपर्यंत चित्रपटाला वेग राहतो. परंतु रेल्वेचा डबा कितीही गजबजलेला असला तरी गाडीला अनेक डबे असतात. पात्रे विखुरतात, एकाचे गुपित दुसऱ्याच्या कानी पडण्याची सक्ती संपते आणि मूळ चित्रपटातली ती कोंडी सैल होते. हा बदल काळाला धरून आहे, कारण मुंबईकर आता कोकणात रेल्वेनेच जाणे पसंत करतो, पण विनोदाच्या हिशेबात तो तोट्याचा आहे. मुलीच्या संसारात तोच नवस पुन्हा उभा राहिल्यावर आईबापांना तो आठवून काय वाटते, याकडेही अधिक लक्ष द्यायला हवे होते. आईबापांच्या भूमिकेत सचिन आणि सुप्रिया यांच्यासारखे खरे आयुष्यही एकत्र घालवलेले जोडपे हाताशी असताना हा प्रसंग निसटू द्यायला नको होता.

‘दे धक्का 2’बद्दल थोडक्यात एवढेच की कोल्हापूरहून मुंबईला धक्का मारत न्यावी लागणारी गाडी हा मूळ चित्रपटाचा, आणि ज्या ‘लिटल मिस सनशाइन’वर (2006) तो बेतला होता त्याचाही, कणा होता, एकाच गाडीला सगळ्या कुटुंबाने हात लावल्याशिवाय ती हलत नाही, यात त्या कुटुंबाची सगळी गोष्ट आली होती. कुटुंब लंडनला विमानाने गेल्यावर धक्का देण्यासारखे काही उरले नाही.

मराठी प्रेक्षकाला जुन्या विनोदाकडे परत जाण्याची सवय नाही असे नव्हे. ती रंगभूमीने फार चांगली लावली आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘मोरूची मावशी’तली मावशी विजय चव्हाणांनी अजरामर केली आणि पुढे भरत जाधवांनी ती पुन्हा रंगमंचावर आणली, ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ लक्ष्मण देशपांडे यांच्यानंतर संदीप पाठक करू लागले. पुनरुज्जीवित नाटकात संहिता तीच राहते आणि नट बदलतो, त्यामुळे प्रेक्षक जुन्या नटाची आठवण मनात ठेवूनही नव्या हातात पडलेल्या त्याच वाक्यावर पुन्हा हसू शकतो. सिक्वेलमध्ये नेमके उलटे होते: नट तेच राहतात आणि संहिता बदलते. विनोदात लवकर जुनी होते ती नटाची देहयष्टी, तर चांगली संहिता पिढ्यान्पिढ्या टिकते. त्यामुळे नाटकवाल्यांनी टिकाऊ गोष्ट हाती धरली आणि चित्रपटवाल्यांनी नाशिवंत गोष्टीवर भांडवल गुंतवले, असे म्हटले तर ते कठोर वाटेल, पण चूक ठरणार नाही.

या पार्श्वभूमीवर दोन अपूर्ण प्रकरणांकडे पाहता येते. प्रियदर्शन यांच्या ‘हेरा फेरी’चा (2000) तिसरा भाग, दुसरा भाग 2006 मध्ये येऊन गेल्यापासून सतत चर्चेत आहे. परेश रावल यांनी साकारलेले बाबूराव गणपतराव आपटे हे मराठी वळणाचे पात्र समाजमाध्यमांवरील मीममधून, म्हणजे चित्रपटातील एखादी चौकट घेऊन तिला नवे वाक्य जोडण्याच्या खेळातून, रोज नव्याने जगते आहे, आणि म्हणूनच लोकांना तिसरा भाग हवा आहे. परंतु ‘रामजी राव स्पीकिंग’ (1989) या मल्याळम चित्रपटावर आधारलेल्या मूळ कथेत हसू येत होते ते तीन कफल्लक माणसांच्या भाड्याच्या, कर्जाच्या आणि बेकारीच्या खऱ्या धास्तीमुळे; मीममध्ये चेहरा उरतो, धास्ती उरत नाही. लेखकांनी मीमवरून पटकथा लिहायला घेतली तर काय होईल, याचा अंदाज वर पाहिलेल्या उदाहरणांवरून बांधता येतो.

दुसरे प्रकरण ‘अशी ही बनवाबनवी’चे आहे. सचिन पिळगांवकर दिग्दर्शित आणि वसंत सबनीस यांच्या संवादांनी नटलेला, ‘बीवी और मकान’ (1966) या हिंदी चित्रपटावर आधारलेला 1988 चा हा चित्रपट मराठीत सर्वाधिक वेळा पाहिल्या गेलेल्या चित्रपटांपैकी एक असावा, आणि त्याचा सिक्वेल निघालेला नाही. त्यातील चार मुख्य नटांपैकी लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे हे दोघे 2004 मध्येच गेले, आणि केवळ तेवढ्यासाठीसुद्धा तो निघू नये अशी इच्छा करणे रास्त आहे. मात्र त्या चित्रपटाला जिवंत ठेवणारी गोष्ट फक्त नटांच्या चेहऱ्यांत नव्हती. घरमालकीण लीलाबाई काळभोर यांनी घातलेल्या अटीतही ती होती, की खोली मिळेल ती फक्त विवाहित जोडप्यांना. पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या अविवाहित मुलांना आजही घरमालकांच्या दारात बहुतेक तोच प्रश्न विचारला जातो, आता त्यात भाडेकरार, सोसायटीचे नियम आणि दलालाचे कमिशन यांची भर पडली आहे, आणि एखाद्या नव्या लेखकाने जुन्या चौघांपैकी कोणाचेही नाव न घेता त्या दारापाशी कथा सुरू केली तर तिला सिक्वेल म्हणण्याची गरजही पडणार नाही.